नकाशावरचा ठिपका आणि गावातली भिंत

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून गेल्यावर काही मिनिटांच्या अंतराने हिंगोली जिल्ह्यातील जमीन दोनदा हादरली. शेजारच्या नांदेड आणि परभणी जिल्ह्यांतही हे धक्के जाणवले. पहिल्याची महत्ता ४.५ होती, दुसऱ्याची ३.६. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या नकाशावर थोड्याच वेळात या धक्क्यांचे ठिपके उमटले. धक्का कोठे बसला, किती वाजता बसला, किती खोलीवर त्याचा उगम होता, हे सारे ज्याच्या हाती साधा मोबाईल आहे त्या प्रत्येकाला पाहता आले. कोयनेच्या भूकंपाच्या वेळी ही माहिती वेधशाळांतील मोजक्या शास्त्रज्ञांना आलेख ताडून पाहत मिळवावी लागली होती. आज ती शेतमजुराच्या तळहातावर येऊन बसते. ज्ञानाच्या वाटपातील ही क्रांती लहान नव्हे.

परंतु त्या ठिपक्याचा अर्थ काय लावायचा, हा प्रश्न ठिपका दिसल्याने सुटत नाही. हा धक्का पुढील मोठ्या धक्क्याची नांदी आहे काय? रात्री घरात झोपावे की अंगणात? मुलांना शाळेत पाठवावे की नाही? आणि ज्या घराच्या भिंती आजोबांनी दगड-मातीत रचल्या, त्या घराचे काय? माहितीचा साठा आणि निर्णयाची क्षमता यांच्यामध्ये शिक्षण नावाचा एक पूल असावा लागतो. भूकंप आणि भूपट्ट यांविषयी शिकविणारी संगणकीय साधने अलीकडे विपुल झाली आहेत. हा पूल बांधण्यास ती कितपत उपयोगी पडतात, आणि महाराष्ट्रापुरते पाहता त्यांत काय उणे आहे, याचा विचार म्हणूनच अगत्याचा ठरतो.

साधनांची श्रीमंती

या साधनांचे मोल प्रथम मान्य केले पाहिजे. भूपट्टांचा सिद्धांत हा खडू-फळ्याने शिकविण्यास अत्यंत अवघड असा विषय आहे. त्यातील काळ कोट्यवधी वर्षांचा, गती वर्षाला काही सेंटिमीटरची आणि सारी घडामोड डोळ्यांआड, पायाखाली शेकडो किलोमीटर खोल. भारताचा भूखंड ईशान्येकडे वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकतो आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाशी झालेल्या त्याच्या टकरीतून हिमालय उभा राहिला, हे वाक्य पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपते. विद्यार्थी ते पाठ करतो, उत्तरपत्रिकेत उतरवतो आणि विसरतो.

संगणकीय साधने हीच ओळ डोळ्यांसमोर घडवून दाखवितात. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातील भूपट्टांच्या प्रतिकृतीत विद्यार्थी भूकवचाचे तापमान, घटक आणि जाडी स्वतः बदलून पाहतो, खंडीय व सागरी कवचाचे तुकडे एकमेकांवर ढकलतो आणि त्यांतून पर्वत किंवा सागरी गर्ता कशी निर्माण होते ते पाहतो. त्याच देशातील कॉनकॉर्ड कन्सॉर्शियम या संस्थेने केलेल्या एका साधनात तर विद्यार्थ्याने आपल्या मनाप्रमाणे एक ग्रह रचायचा, त्यावर खंड मांडायचे, पट्टांना दिशा द्यायची आणि काळाचे चाक फिरवायचे असते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा नकाशा जगभरातील ताजे भूकंप वर्तुळांच्या रूपाने दाखवितो. १९९९ पासून त्या खात्याने ‘तुम्हांला धक्का जाणवला का?’ असा प्रश्न सामान्य माणसाला विचारून त्याच्या उत्तरांतून हादऱ्याच्या तीव्रतेचे नकाशे तयार करण्याची प्रथा पाडली. ऐकणारा येथे सांगणाराही होतो.

अशा साधनांतून जे कळते ते व्याख्यानातून कळत नाही. उदाहरणार्थ, महत्तेच्या मोजपट्टीवर एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पटींनी वाढते, हा लघुगणकाचा हिशेब कागदावर रुक्ष वाटतो. पडद्यावर तो एकदा फिरवून पाहिला की सहा आणि आठ या आकड्यांतील फरक दोनचा नसून जवळजवळ हजार पटींचा आहे, हे जन्मभर लक्षात राहते. ज्या शिक्षकाने गेली वीस वर्षे संत्र्याची साल सोलून किंवा दुधावरची साय सरकवून हे सिद्धांत समजावून दिले, त्याला तर हे साधन वरदानच वाटावे.

लाल रेषेबाहेरचा महाराष्ट्र

मात्र याच ठिकाणी एक धोका उभा राहतो आणि तो महाराष्ट्राच्या दृष्टीने क्षुल्लक नाही. या बहुतेक साधनांचा गाभा भूपट्टांच्या सीमा हा आहे. जगाचा नकाशा उघडला की पॅसिफिक महासागराभोवतीचे कडे, इंडोनेशियाची कमान आणि हिमालयाची रांग ठिपक्यांनी भरून जाते. दख्खनचे पठार मात्र जवळजवळ कोरे राहते. लातूरच्या किंवा सोलापूरच्या वर्गातील मुलगा हा नकाशा पाहून कोणता निष्कर्ष काढील? भूकंप तिकडे होतात, इकडे होत नाहीत, हाच. साधनाने खोटे काहीच सांगितलेले नसते. तरीही शिकणाऱ्याच्या मनात एक घातक समजूत रुजलेली असते.

ही समजूत केवळ मुलांची नव्हती, हा तर आपल्या राज्याचा इतिहास आहे. भूपट्टांच्या सिद्धांताची गणिती मांडणी करणारा डॅन मॅकेंझी आणि रॉबर्ट पार्कर यांचा प्रसिद्ध निबंध डिसेंबर १९६७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात छापला गेला. त्याच डिसेंबरच्या ११ तारखेला पहाटे कोयनानगर हादरले. जगाचे भूकंप कोठे व का होतात याचे कोडे सुटत असल्याचा आनंद विज्ञानजगत अनुभवीत असताना, पट्टाच्या सीमेपासून शेकडो किलोमीटर दूर, स्थिर समजल्या गेलेल्या सह्याद्रीच्या कुशीत ६.३ महत्तेचा भूकंप झाला आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागल्यानंतर त्या परिसरात लहान धक्के सुरू झाले होतेच. धरणाच्या जलाशयामुळे चालना मिळालेला जगातील सर्वांत मोठा भूकंप म्हणून कोयनेचे नाव आज अभ्यासकांच्या तोंडी असते. या भूकंपांचा थेट उगमाजवळ वेध घेण्यासाठी केंद्र शासनाच्या भूविज्ञान मंत्रालयाने कराड येथे प्रयोगशाळा स्थापन केली, आणि २०१७ मध्ये गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोलीचे विवर खणण्यात आले. पडद्यावर ग्रह रचणाऱ्या साधनात मात्र या साऱ्याला स्थान नाही.

कोयनेचा धडा धरणापुरता मानला गेला आणि उरलेले पठार निर्धास्त राहिले. भूकंपप्रवणतेच्या अधिकृत नकाशात तेव्हा पाच श्रेणी होत्या. लातूर जिल्ह्यातील किल्लारीचा परिसर त्यांतील पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या श्रेणीत मोडत होता. १९९२ च्या उत्तरार्धात तेथे लहान धक्क्यांची मालिका येऊन गेली होती. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाची रात्र उलटून पहाटेचे चार वाजण्यास आले असताना, ६.२ महत्तेच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त केली. आठ ते दहा हजार माणसे गेली. पुढे २००२ मध्ये देशाच्या नकाशाची फेरआखणी झाली, पहिली श्रेणीच रद्द करण्यात आली आणि किल्लारीचा परिसर वरच्या श्रेणीत गेला. नकाशा सुधारला, पण तो सुधारण्याची किंमत कोणी मोजली हे विसरता येणार नाही.

म्हणून भूपट्टांचे शिक्षण महाराष्ट्रात द्यावयाचे तर ते पट्टाच्या कडेवर थांबून चालणार नाही. टकरीचा ताण पट्टाच्या अंतर्भागातही पोहोचतो, जुन्या भेगांवर तो साचतो, तो साचण्यास शतके लागू शकतात आणि म्हणूनच तेथील नकाशा कोरा दिसतो. कोरा नकाशा म्हणजे निर्धोक भूमी नव्हे, तर अपुऱ्या काळाची नोंद. हे एक वाक्य जे साधन शिकवीत नाही, ते जपानच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या मुलाला पुरेसे असेल. मराठवाड्याच्या मुलाला ते अर्धेच शिक्षण देते.

वर्तुळाचा आकार आणि मृत्यूचा आकडा

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. या नकाशांवर भूकंप जेवढा मोठा तेवढे वर्तुळ मोठे. पाहणाऱ्याचे मन साहजिकच मोठ्या वर्तुळाला मोठी आपत्ती समजते. वस्तुतः निसर्गाची घटना आणि समाजाची आपत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वृत्तपत्रेसुद्धा ‘महत्ता’ आणि ‘तीव्रता’ हे शब्द एकाच अर्थाने वापरून या गोंधळात भर घालतात. महत्ता ही उगमाशी सुटलेल्या ऊर्जेची मोजणी असते आणि ती एका भूकंपाला एकच असते. तीव्रता ही ठिकाणागणिक बदलते, कारण ती तेथील जमिनीवर व घरांवर काय परिणाम झाला हे सांगते.

सहा ते सात या दरम्यानच्या महत्तेचे भूकंप जगात दरवर्षी शंभराहून अधिक होतात. त्यांतील बहुतेकांची बातमीही होत नाही. किल्लारीचे वर्तुळ त्याच मापाचे. २०१० साली तर नियतीने जणू तुलनेसाठीच दोन घटना शेजारी ठेवल्या. १२ जानेवारीला हैतीमध्ये ७.० महत्तेचा भूकंप झाला आणि २७ फेब्रुवारीला चिलीमध्ये ८.८ महत्तेचा. चिलीच्या भूकंपात सुटलेली ऊर्जा हैतीच्या सुमारे पाचशे पट होती. मृतांची संख्या चिलीत पाचशेच्या आसपास राहिली, तर हैतीत बहुतेक अंदाजांनुसार ती लाखाच्या घरात जाते. भूकंपाचा केंद्रबिंदू किती जवळ होता यासारखी कारणे त्यात आहेतच. परंतु मुख्य कारण चिलीने अनेक दशके राबविलेले बांधकामाचे नियम आणि हैतीचे दारिद्र्य हेच होते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून बोलका दाखला शोधून सापडणार नाही.

किल्लारीत माणसांना जमिनीने मारले नाही, भिंतींनी मारले. तेथील भिंती दोन-दोन हात जाड होत्या. बाहेरून त्या भक्कम वाटत. प्रत्यक्षात आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये चिखल व खडीची भर, अशी त्यांची रचना होती. दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड नव्हते. वर उन्हाळ्यात गारवा देणारे मातीचे जड माळवद होते. जमीन हादरताच भिंतीचे थर सुटले आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आले. भुजच्या भूकंपाने हेच दृश्य वेगळ्या रूपात दाखविले. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी अंजार गावात प्रजासत्ताक दिनाच्या फेरीतील शाळकरी मुले अरुंद गल्लीतून जात असताना दोन्ही बाजूंची घरे त्यांच्यावर कोसळली. मुले शाळेच्या छताखाली नव्हती, उघड्यावर होती, आणि तरीही भिंतींनीच त्यांचा घात केला.

नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ रोजी हजारो वर्गखोल्या कोसळल्या. तो शनिवार होता आणि तेथे शनिवारी शाळांना सुट्टी असते, म्हणून एक पिढी वाचली. पण सुट्टीच्या वारावर समाजाने आपली मुले सोपवून द्यावयाची काय? जे शिक्षण पट्टांच्या हालचालीपर्यंत नेऊन सोडते आणि वर्गाच्या भिंतीपर्यंत येत नाही, ते भूगोलाचा एक धडा पूर्ण करते, पण नागरिक घडवीत नाही.

फुकटाची किंमत

या साधनांपैकी बरीचशी विनामूल्य आहेत आणि येथेच एक आर्थिक भ्रम निर्माण होतो. वापरणाऱ्याला पैसे पडत नाहीत याचा अर्थ खर्च होत नाही असा नव्हे. पहिली प्रत तयार करण्याचा खर्च प्रचंड असतो, त्यानंतरच्या प्रत्येक प्रतीचा जवळजवळ शून्य. अशा वस्तूला अर्थशास्त्र सार्वजनिक वस्तू मानते आणि बाजारपेठ ती पुरेशा प्रमाणात निर्माण करीत नाही हा त्या शास्त्राचा जुना सिद्धांत आहे. अमेरिकेत हा खर्च शासकीय खात्यांनी, विद्यापीठांनी व संशोधन-निधींनी उचलला. त्यांनी आपल्या प्रश्नांना अनुरूप साधने घडविली, याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. आपल्या प्रश्नांना अनुरूप साधने त्यांनीच घडवून द्यावीत ही अपेक्षा मात्र अवाजवी ठरेल.

आपल्याकडील शिक्षणाची बाजारपेठ हे काम करील काय? पालक ज्यासाठी पैसे मोजतो ते बाजार पुरवितो, आणि पालक गुणांसाठी मोजतो. दोन पिढ्यांत एखाद्या वेळी येणाऱ्या आपत्तीविषयी शिकण्यासाठी स्वतःहून पैसे मोजणारा पालक विरळा. त्याला अडाणी म्हणण्याचे कारण नाही. ज्याला या महिन्याचे भाडे आणि पुढल्या महिन्याची फी यांची चिंता आहे, तो पन्नास वर्षांनंतरच्या धोक्याला फारसे वजन देत नाही, हे मानवी स्वभावाला धरूनच आहे. व्यक्ती जेथे दूरचे पाहू शकत नाही तेथे तिच्या वतीने दूरचे पाहावे, यासाठीच तर शासनसंस्था असते.

खर्चाचा दुसरा भाग शाळेच्या दारात सुरू होतो. केंद्र शासनाच्या शालेय माहितीप्रणालीनुसार २०२३-२४ मध्ये देशातील सुमारे ५७ टक्के शाळांत संगणकाची सोय होती आणि ५४ टक्के शाळांत इंटरनेट. २०२४-२५ मध्ये हे आकडे अनुक्रमे ६५ व ६३ टक्क्यांच्या आसपास गेले. प्रगती आहे, यात शंका नाही. तरीही तीनपैकी एका शाळेच्या वाट्याला अद्याप काहीच आलेले नाही, आणि ज्या शाळांत संगणक आहे तेथे तो बहुधा मुख्याध्यापकांच्या खोलीत, माहिती भरण्याच्या कामी गुंतलेला असतो. तंत्र जुने होण्याची किंमत वेगळीच. ‘फ्लॅश’ या तंत्रावर आधारलेल्या असंख्य शैक्षणिक चित्रफिती व खेळ २०२० अखेर त्या तंत्राचा आधार संपताच एका रात्रीत मुके झाले. पुस्तक कपाटात वीस वर्षे पडून राहिले तरी उघडता येते. संगणकीय साधनाला मात्र सतत राखणदार लागतो.

भाषेचा प्रश्न यांत मिसळलेला आहे. ‘फेट’च्या कित्येक प्रतिकृती मराठीत आल्या आहेत आणि ते काम स्पृहणीय आहे. परंतु बटणांवरील शब्द मराठी झाले म्हणून आशय मराठी होत नाही. उदाहरण सॅन अँड्रियाजच्या भेगेचे आणि शब्द मराठी, अशा भाषांतराने मूल इंग्रजी शब्दांऐवजी मराठी शब्द पाठ करील, एवढेच. कोयनेच्या जलाशयाची पातळी आणि तेथील धक्क्यांची संख्या एकाच आलेखावर मांडून, पावसाळ्यानंतर काय घडते हे विद्यार्थ्याला स्वतः सरकवून पाहता येईल, असे साधन मराठीत हवे. त्यासाठी भूपट्टांचा सिद्धांत नव्याने शोधावयाचा नाही. नोंदी आहेत, शास्त्रज्ञ आहेत, प्रयोगशाळा राज्यातच आहे. त्या नोंदी वर्गाच्या उपयोगाच्या रूपात आणण्याचे कामच तेवढे शिल्लक आहे.

अगोदर छप्पर की अगोदर पडदा?

यावर एक रास्त आक्षेप येईल. जिल्हा परिषदेच्या ज्या शाळेचे छप्पर गळते, तेथे पडद्यावरील भूपट्टांचे कौतुक कशाला? जेवढा पैसा आहे तेवढ्यात आधी भिंती मजबूत कराव्यात, हे म्हणणे वरवर बिनतोड वाटते. आणि या दोहोंपैकी एकच निवडावयाचे झाले तर भिंतच निवडली पाहिजे, याविषयी दुमत असू नये. परंतु ही निवड खरी नाही. किल्लारीच्या पुनर्वसनासाठी जागतिक बँकेकडून सुमारे पंचवीस कोटी डॉलरचे कर्ज घ्यावे लागले आणि बावन्न गावे नव्याने वसवावी लागली. त्या तुलनेत शिक्षणसाधनांवरचा खर्च नगण्य म्हणावा इतका अल्प आहे. शिवाय भिंतींची मजबुती शासकीय हुकमाने एका दिवसात होत नाही. घर माणूस स्वतः बांधतो, गवंड्याकडून बांधून घेतो, आणि आरपार दगडासाठी किंवा दारे-खिडक्यांवरून सलग फिरणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्यासाठी चार पैसे अधिक खर्च करावयाचे की नाही हे तोच ठरवितो. त्या निर्णयाच्या घडीला त्याला किंवा त्याच्या शाळकरी मुलीला काय ठाऊक आहे, यावर पुढील पन्नास वर्षांचे भवितव्य अवलंबून असते.

ज्ञान वेळेला उपयोगी पडते याचे दाखले आहेत. २६ डिसेंबर २००४ रोजी थायलंडच्या किनाऱ्यावर टिली स्मिथ नावाच्या दहा वर्षांच्या इंग्लिश मुलीने समुद्राचे पाणी फेसाळताना पाहिले आणि अवघ्या दोन आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला शिकविलेली त्सुनामीची लक्षणे ओळखली. तिच्या हट्टामुळे तो किनारा वेळीच रिकामा झाला आणि शंभराच्या आसपास माणसे वाचली. त्याच दिवशी इंडोनेशियाच्या सिमेउलुए बेटावर, उगमाच्या अगदी जवळ असूनही, सुमारे ७८ हजार रहिवाशांपैकी केवळ सात जण दगावले. त्यांच्याकडे पडदा नव्हता. १९०७ च्या लाटेनंतर आजीकडून नातवाकडे चालत आलेली ‘स्मोंग’ ही कथा मात्र होती. जमीन जोराने हलली आणि समुद्र मागे हटला की डोंगराकडे पळावे, एवढाच तिचा सारांश. जपानमधील कामाईशी येथे २०११ च्या त्सुनामीतून शाळेत असलेली जवळजवळ तीन हजार मुले वाचली, ती वर्षानुवर्षांच्या सरावामुळे. वर्गातला धडा, आजीची गोष्ट आणि शाळेतला सराव या तिन्ही मार्गांत समान काय आहे? ज्ञान स्थानिक होते, सोपे होते आणि कृतीशी जोडलेले होते. साधनाची किंमत या तीन कसोट्यांवर ठरावी, त्याच्या झगमगाटावर नव्हे.

साधनाच्या मर्यादा सांगणे हाही शिक्षणाचाच भाग होय. भूकंपाचे भाकीत आज कोणीही करू शकत नाही. भारतात २०२३ पासून मोबाईलवर मिळू लागलेली पूर्वसूचना ही भविष्यवाणी नव्हे. भूकंप सुरू झाल्यावर वेगवान पण सौम्य लहर आधी पोहोचते, विध्वंसक लहर मागून येते, आणि या दोहोंमधील काही सेकंदांचा लाभ दूरच्या माणसाला मिळतो. उगमाच्या माथ्यावर असलेल्या गावाला तेवढाही अवधी मिळत नाही. किल्लारीला तो मिळाला नसता. म्हणजे फिरून भिंतच येते.

करण्याजोगे

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांचे सत्र सुरू झाले तेव्हा माणसांनी थंडीच्या रात्री तंबूंत काढल्या, आणि धावपळीत एका चिमुरडीचा जीव गेला. त्या काळात गावकऱ्यांना हवी होती ती समजावणी. लहान धक्क्यांची मालिका कशी असते, ती बहुतेक वेळा विरून जाते पण सावधगिरी का सोडू नये, घराच्या कोणत्या भागाची भीती बाळगावी, हे त्यांच्या भाषेत सांगणारे साधन आणि ते वापरणारा शिक्षक गावात असता, तर भीतीचे रूपांतर काही अंशी तरी दक्षतेत झाले असते.

नेपाळने या दिशेने एक अनुकरणीय पाऊल टाकले आहे. २०१५ च्या आपत्तीनंतर तेथील वीस-बावीस शाळांत अल्पखर्ची भूकंपमापक बसविण्यात आले. आपल्याच वर्गाखालची जमीन हलल्याचा आलेख मुले आपल्याच शाळेत पाहतात आणि घरी जाऊन त्याविषयी बोलतात. कोयना-वारणेच्या खोऱ्यात, लातूर-धाराशिव पट्ट्यात, हिंगोली-नांदेड परिसरात आणि पालघरमध्ये तालुक्यातील एका शाळेत किंवा महाविद्यालयात असे यंत्र ठेवणे राज्याला जड जाऊ नये. कोयना, किल्लारी व पालघर या तीन प्रकरणांवर मराठी साधने तयार करावीत, ती इंटरनेटवाचूनही चालावीत, आणि ती राखण्याची जबाबदारी एका कायम संस्थेवर असावी. शिक्षकांच्या डोक्यावर आणखी एक काम म्हणून हे लादू नये. त्यासाठी तासिका आणि प्रशिक्षण यांची तरतूद हवी, नाहीतर उत्तम साधनही अहवालातील एक रकाना भरण्यापुरते उरते. प्रत्येक शाळेने वर्षातून एकदा आपल्या वर्गखोल्यांची आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या घरांची साधी पाहणी करून ती ग्रामपंचायतीसमोर ठेवावी. मुले अभियंते नव्हेत, निवाडा तज्ज्ञांनीच करावयाचा. पण भिंतीला तडा कोठे आहे, वर जड माळवद आहे काय, बाहेर पळण्याची वाट मोकळी आहे काय, हे पाहण्यास पदवी लागत नाही.

पैशाची सबब पुढे करण्यात अर्थ नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या कालावधीसाठी राज्यांच्या आपत्तीविषयक निधीतील वीस टक्के वाटा आपत्ती घडल्यानंतरच्या मदतीसाठी नव्हे, तर तिची झळ आधीच कमी करण्यासाठी राखून ठेवला. आपत्ती येण्यापूर्वी खर्च केलेला रुपया नंतरच्या रुपयाहून अधिक मोलाचा असतो, हे तत्त्व म्हणजे शासनदरबारी मान्य झालेलेच आहे. मात्र आधी खर्च केलेल्या रुपयाचे यश दिसत नाही. जे घर पडले नाही त्याचे छायाचित्र कोणी छापत नाही, जे मूल मेले नाही त्याच्या पालकांना धनादेश देण्याचा समारंभ होत नाही. लोकशाहीत अशा अदृश्य यशाचा आग्रह धरणारा वर्ग लागतो. शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांनी तो आग्रह धरला नाही तर दुसरे कोण धरणार?

हिंगोलीच्या नकाशावरील ठिपका काही दिवसांनी जुना होऊन पुसला गेला असेल. त्या ठिपक्याखालच्या जमिनीवर जी घरे उभी आहेत त्यांच्या भिंती कशा आहेत, हे सांगणारा नकाशा अद्याप कोणी काढलेला नाही. तो काढण्यास उपग्रह लागत नाही. प्रत्येक गावात तो काढू शकतील अशी तीस-चाळीस मुले रोज सकाळी शाळेत येऊन बसतात. त्यांना पृथ्वीचे पट्ट कसे सरकतात हे अवश्य दाखवावे, आणि तास संपण्यापूर्वी आपल्या वर्गाच्या भिंतीकडेही पाहावयास सांगावे.